वाघाच्या जन्मतारखेचं बीज

शाळेच्या अंकाला गोष्ट द्या म्हणून सून चार दिवस डोकं खातेय. मी चौथी नापास. मलाच कशाला धरलं? असो. पोरांनो, गप बसून ऐका. मधे बोललात तर उठून जाईन.

एका जंगलात एक वाघ होता. रोज एका घरातलं एक जनावर त्याच्या जेवणाला जायचं. कुठल्या घरातलं, ते मडक्यातली चिठ्ठी काढून ठरायचं. चिठ्ठीत लबाडी होते अशी ओरड झाली. मग मुंगसानं कॉम्प्युटर आणला.

काळा पडदा. त्यावर हुकूम टाइप करायचा आणि सोबत एक आकडा द्यायचा. त्याला म्हणायचं बीज. त्या बीजातून यंत्र आठवड्याचे सात घरनंबर काढायचं.

"यंत्राला नातीगोती नसतात," मुंगूस म्हणालं.

दर सोमवारी नारळ फोडून यंत्र नव्यानं सुरू व्हायचं. बीज म्हणून वाघाची जन्मतारीख घालायचे. राजाचा मान! दुसरं काय घालणार?

पहिल्या सोमवारी एक्केचाळीस आला. ते भेकराचं घर, म्हणजे त्या छोट्या हरणाचं. त्याचा काका गेला. दुसऱ्या सोमवारी परत एक्केचाळीस. थोरला भाऊ गेला. आता घरात भेकर एकटं.

त्यानं दोन्ही आठवड्यांचे आकडे ताडून पाहिले. सातही तेच, त्याच क्रमानं. ते सभेत उभं राहिलं.

"बीज तेच, म्हणून आकडे तेच. बीज बदला."

"राजाची जन्मतारीख बदलू? जीभ झडेल तुझी!" मुंगूस कडाडलं.

"तेच आकडे येतात म्हणजे यंत्र शब्दाला पक्कं आहे," रानडुक्कर म्हणालं. त्याचा नंबर त्या सातात नव्हता. सभेनं टाळ्या वाजवल्या.

रविवारी भेकर थेट वाघाकडे गेलं. "महाराज, तुमची जन्मतारीख चुकीची लिहिलीय. तुम्ही चार वर्षांनी लहान आहात."

वाघानं मिशीवरून पंजा फिरवला. "तरीच! मला वाटतच होतं."

सोमवारी नवी तारीख घातली. नंबर आला सतरा. मुंगसाचं घर.

"यंत्र बिघडलं!" मुंगूस किंचाळलं.

"यंत्राला नातीगोती नसतात, मुंगूसराव," भेकर म्हणालं.

मुंगूस ते केवढंसं! त्या दिवशी वाघाचं काही पोट भरलं नाही.

पुढच्या सोमवारी परत सतरा. मुंगसाचा मेहुणा सभेत रडला, "बीज बदला हो!"

"यंत्र शब्दाला पक्कं आहे," भेकर म्हणालं आणि सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य : अन्याय दिसला की बेधडक बोलावं. आपला नंबर टळला की यंत्राला नारळ फोडावा.

आमच्या गावच्या पाण्याच्या पाळ्यासुद्धा असल्याच यंत्रावर निघतात. तीन वर्षं माझी पाळी शेवटची. सभेत बोललो, तर एकजण चारचौघांत म्हणाला, "म्हाताऱ्याला काय कळतंय?" त्यानं अजून माफी मागितलेली नाही. नाव छापा : हैबती ढेकळे.