चौथा पाय कुणी खाल्ला?

माझी ओळख करून द्यायची तर सुरुवात कपाळापासून करावी लागेल. माझं कपाळ भव्य आहे. वर्षागणिक ते आणखी भव्य होत गेलं आणि आता मागे मानेपर्यंत पोचलं आहे. माझी बायको तुरिद याला टक्कल म्हणते. बुद्धीला ऐसपैस जागा लागते, एवढंच मी म्हणतो. या कपाळाखाली दोन भेदक डोळे आहेत, त्यातला डावा चष्म्याशिवायही बराच भेदक आहे. आणि नाक असं, की चोर पुढच्या गल्लीत असला तरी मला इकडे शिंक येते.

नाव आस्मुंड. बर्गनमधल्या आमच्या चढणीवरच्या गल्लीत मला सगळे गुप्तहेर म्हणून ओळखतात. म्हणजे मी तरी स्वतःला तसाच ओळखतो. बाकीचे 'तो बोटीवरचा तिकीट तपासनीस' म्हणतात. पण आयुष्यभर लोकांच्या खिशातली खोटी कारणं बाहेर काढल्यावर, निवृत्तीनंतर माणूस मासे पकडेल की गुन्हेगार?

माझं सगळ्यात गाजलेलं प्रकरण म्हणजे शेजारच्या ओड्वारचा खून. तो दोन आठवडे दिसला नाही. मी तर्काने खून सिद्ध केला, तुरिदवर संशयही घेऊन पाहिला, आणि तेवढ्यात ओड्वार स्पेनहून परत आला. चांगला भाजून तांबूस झालेला. लोक हसले. पण मी त्याला नीट पाहिलंय. तो ओड्वार नाही.

असो. त्या शनिवारी पाऊस पडत होता. बर्गनमध्ये या वाक्यावर कुणी शाई वाया घालवत नाही, पण त्या दिवशी तो आडवा पडत होता, म्हणून लिहिलं. अशा दिवशी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. मी तळघरात होतो आणि टेबल करत होतो.

टेबल सासूबाईंसाठी होतं. सासूबाई बोर्गहिल्ड. जन्म गेला फ्योर्डकाठच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीकाठच्या, सफरचंदाच्या बागेत. मग कंबरेचं हाड मोडलं, बाग विकली, आणि पानगळ सुरू झाली तेव्हा त्या आमच्या वरच्या खोलीत राहायला आल्या. बरोबर एक पेटी, चित्रांची तुकड्यातुकड्यांची कोडी, आणि बिशप. बिशप हा ससा आहे. अंगाने काळा, गळ्याभोवती पाद्र्यासारखी पांढरी पट्टी, आणि चेहऱ्यावर भाव असा, की आपण सगळे पापी आहोत हे त्याला ठाऊक आहे.

आल्यापासून सासूबाईंनी एकही तक्रार केली नव्हती. ज्या घरात सासू तक्रार करत नाही, त्या घरात कुठेतरी पाणी मुरत असतं. आमच्या छपरातही मुरत होतं, पण तो तपास वेगळा.

"आई कोडं पलंगावर लावते," तुरिद मला म्हणाली होती. "रात्री झोपायला सगळं मोडते, सकाळी परत पहिल्यापासून. चहाचा कपसुद्धा विचारून घेते. ती इथे पाहुण्यासारखी राहतेय रे."

"मग दुकानातून एक टेबल आणू."

"नको. तू कर. जावयाने स्वतःच्या हाताने करून दिलं, तर तिला कळेल की ती आपल्याला हवीय."

तर मी केलं. बर्चच्या लाकडाचं, चार पायांचं, तळघराच्या सिमेंटच्या जमिनीवर दगडासारखं उभं. मी त्यावर हात आपटला, कोपर टेकलं, शेवटी स्वतः बसलो. हललं नाही. ते तळमजल्यापर्यंत वाहून आणलं आणि दम खायला घरातल्या बोळात ठेवलं. दम खाताना नुसता दम काय खायचा, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन वेलदोड्याचा एक बनही खाल्ला. मग टेबल वरच्या खोलीत नेलं आणि खिडकीशी ठेवलं. पाऊस थांबला की तिथून बंदर दिसतं, असं जुने लोक सांगतात.

"हे तुमच्यासाठी," मी म्हणालो.

सासूबाईंनी त्यावर हळूच तळहात ठेवला. टेबल डुगडुगलं.

मी वाकून पाहिलं. चौथा पाय जमिनीपासून बोटभर अधांतरी होता!

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "छान आहे. मी पलंगावरच लावेन कोडं."

पण माझ्या कपाळात चक्रं फिरू लागली होती. तळघरात चारही पाय सारखे. इथे एक आखूड. म्हणजे मधल्या वेळात, मी बन खात असताना, बोळात एकट्या सापडलेल्या टेबलाचा पाय कुणीतरी चोरला होता!

मी बोळात धावलो. तिथे बिशप बसला होता. त्याच्या मिशांना भुसा लागला होता.

"मी बन खात होतो तेव्हा तू कुठे होतास?" मी दरडावलं.

बिशपने नाक हलवलं.

"नाक हलवून विषय बदलू नकोस!"

तुरिद स्वयंपाकघरातून डाव घेऊन बाहेर आली. शनिवार असल्यामुळे तिने नेहमीचा दुधातला भात शिजत ठेवला होता. "कुणाशी बोलतोयस?"

"संशयिताशी. त्याच्या मिशा बघ. भुसा!"

"अरे, तो भुशातच झोपतो. रोज सकाळी त्याच्या पेटीत तूच घालतोस."

"तेच तर! पुरावा लपवायला पुराव्याच्या ढिगाइतकी चांगली जागा नाही."

"भुसा त्याच्या मिशांना आहे," तुरिद म्हणाली, "पण खरा साठा कुठे आहे ते मला माहितीय." आणि तिने माझ्या भव्य कपाळाकडे पाहिलं.

मी बिशपला अटक केली. माशांच्या रिकाम्या क्रेटमध्ये घालून वर ओव्हनची जाळी ठेवली. मग वर जाऊन चौथ्या पायाखाली पुठ्ठा सरकवून नेमका किती भाग चोरीला गेला ते मोजलं, टेबल तळघरात नेलं, आणि उरलेल्या तीन पायांचा तेवढाच तुकडा कापून टाकला. न्याय म्हणजे शेवटी समानता.

टेबल जमिनीवर ठेवलं. डुगडुगलं.

आता चौथा पाय टेकत होता आणि त्याच्या शेजारचा अधांतरी होता. दुसरी चोरी! आणि बिशप तर तुरुंगात! मी वळून पाहिलं. कामाच्या फळीवर आमची मांजर सार्डिन बसली होती, मला ओळखत नसल्यासारखी.

"टोळी आहे ही," मी वर जाऊन जाहीर केलं. "बिशप म्होरक्या. सार्डिन आत घुसणारी. फिर्यादी चार पायांचा आणि आरोपीही चार पायांचे. जातभाईंनीच घात केला."

"मांजर लाकूड खात नाही," तुरिद म्हणाली.

"म्हणूनच तिच्यावर कुणाला संशय आला नसता."

पुन्हा कापलं. तळघरात टेबल ताठ उभं राहिलं. ते उचलून वरच्या खोलीत, खिडकीशी. डुगडुग. जिन्यात कॅप्टन झोपलेला होता. कॅप्टन आमचा कुत्रा. त्याला तीन दात उरलेत आणि त्यांची एकमेकांशी गाठभेट होत नाही. तरी मी त्याचं नाव यादीत घातलं. वय झालं म्हणून गुन्हेगाराला सूट देणाऱ्यांतला मी नाही.

पुन्हा खाली. कापलं. ताठ. पुन्हा वर. डुगडुग.

"पावसाने असेल का?" मी एकदा कबूलही केलं. "ओलाव्याने लाकूड आकसतं."

"फुगतं," तुरिद म्हणाली.

"तेच म्हणतोय. तीन पाय फुगले, आणि चौथा आकसून राहिला."

"आस्मुंड, भात खाऊन घे."

भातावर दालचिनी होती, साखर होती, मधोमध लोणी वितळत होतं, पण माझं लक्ष नव्हतं. टेबल आता माझ्या गुडघ्याच्या खाली आलं होतं. खिडकीशी ठेवलं की त्यावरून बंदर सोडा, खिडकीसुद्धा दिसत नव्हती. गुन्हेगार मला चिडवत होते. आणि चिडलेला गुप्तहेर जे करतो तेच मी केलं: पहिल्या आरोपीला शिक्षा सुनावली.

"बिशप आज ओड्वारच्या लाकडाच्या शेडमध्ये राहायला जाईल," मी म्हणालो. "जन्मठेप."

"तो ओड्वार नाही म्हणतोस ना तू?" तुरिदने विचारलं.

"सशाला काय फरक पडतो?"

सासूबाई समोर बसल्या होत्या. त्यांनी चमचा खाली ठेवला, ताटली नीट पुढे सरकवली, "भात छान झाला होता" म्हणाल्या आणि कठड्याला धरून वर गेल्या. आम्हाला वाटलं, पडायला गेल्या.

थोड्या वेळाने त्या खाली आल्या तेव्हा अंगात कोट होता, डोक्याला रुमाल होता, एका हातात पेटी आणि दुसऱ्या काखेत क्रेटमधून सोडवलेला बिशप.

"टॅक्सी बोलावलीय," त्या म्हणाल्या.

"आई! कुठे?"

"वृद्धाश्रमात. एक खोली रिकामी आहे. ससा चालतो म्हणाले. मी मागच्याच आठवड्यात विचारून ठेवलंय."

तुरिदच्या हातातून डाव पडला. मागच्याच आठवड्यात. म्हणजे आम्ही खाली टीव्ही बघत होतो तेव्हा वर ही बाई हळू आवाजात फोनवर विचारत होती, की ससा चालतो का.

"सासूबाई, अहो, असं पाय काढू नका!" मी म्हणालो, आणि त्या क्षणी मला दुसरा कुठलाही वाक्प्रचार सुचायला हवा होता. "माझं त्याच्याशी वैर नाही हो. पण पुरावा तर बघा! तळघरात टेबल दगडासारखं उभं राहतं, वर नेलं की एक पाय आखूड. खाली आणलं की दुसरा. मी कापतोय कापतोय..."

सासूबाई दारात थांबल्या.

"वर कुठे ठेवतोस?"

"खिडकीशी. तुम्हाला बंदर दिसावं म्हणून."

"खिडकीच्या डाव्या बाजूला? पलंगाकडे?"

"हो."

त्यांनी तुरिदकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बिशपकडे. बिशपने नाक हलवलं. "चल वर," त्या म्हणाल्या.

कंबर सांभाळत त्या जिना चढल्या, मागून आम्ही, मागून कॅप्टन. खोलीच्या दारात पेटी टेकवून त्यांनी कोटाच्या खिशातून डबी काढली आणि तिच्यातली एक गोल पांढरी गोळी जमिनीवर सोडली. गोळी क्षणभर विचारात पडली. मग निघाली, फळ्यांवरून खडखड करत, पलंगाला वळसा घालून थेट खिडकीच्या डाव्या बाजूला गेली आणि थांबली. तिथे आधीच चार-पाच गोळ्या बसल्या होत्या.

"रक्तदाबाची गोळी हातातून पडली की मी शोधत नाही," सासूबाई म्हणाल्या. "तिथे जाते. सगळ्या तिथेच जमतात. जमीन खचलीय तिथे. मी आले त्याच दिवशी कळलं मला."

लोकांच्या पायाखालची जमीन सरकते. माझ्या टेबलाच्या पायाखालची आधीच सरकून बसली होती. टेबल वीतभर बाजूला ठेवलं असतं, तर प्रकरण सकाळीच मिटलं असतं.

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"पाहुण्यांनी घरच्या जमिनीला नावं ठेवू नयेत."

छपरावर पाऊस वाजत होता. मग तुरिदने घसा खाकरला.

"म्हणजे पाय कुणी खाल्लाच नाही. नुसते कापले. आस्मुंड, या घरात करवत कुणाकडे आहे?"

माझ्या कारकिर्दीत गुन्हेगार प्रथमच रंगेहाथ सापडला होता, आणि तो नेमका मी होतो. मी मान खाली घातली. "सासूबाई, चुकलं माझं. माफ करा."

"माझी माफी नको मागू. त्याची माग."

मी गुडघ्यांवर बसलो. बिशपने माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या शर्टाचं वरचं बटण खाऊन टाकलं. आरोपपत्रात मी त्याची नोंद केली नाही.

तुरिदने आईची पेटी उचलून आत ठेवली. "आई, ही जमीन तुझीपण आहे गं. ठेव ना नावं. हवी तेवढी ठेव."

सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या. बराच वेळ त्या बिशपचे कान चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "गादी दगडासारखी आहे."

"बरं," तुरिद म्हणाली.

"खिडकीतून वारा येतो. कॉफी तुम्ही फार पातळ करता, तळाचं फूल दिसतं कपातलं. तो कुत्रा रात्रभर घोरतो. भातात मीठ नव्हतं."

"छान झाला होता म्हणालीस!"

"पाहुणी होते तेव्हा म्हणाले." त्यांनी डोक्यावरचा रुमाल सोडला. "आणि जावयाला टीव्हीचा आवाज कमी ठेवायला सांग. खुनी कोण ते मला इथे वर आधी कळतं, आणि तो खाली बसून चुकीचं सांगत असतो."

तुरिद हसत होती की रडत होती, हे माझ्यासारख्या निष्णात निरीक्षकालाही ठरवता आलं नाही.

खाली टॅक्सीचा भोंगा वाजला. मी म्हटलं, "परत पाठवून देतो."

"आलीच आहे तर वाया कशाला घालवायची?" सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, तुम्ही बसा तीत. दुकानं अजून उघडी असतील. एक टेबल घेऊन या. उंच."

मी कोट चढवला आणि पावसात धावत जाऊन टॅक्सीत बसलो. चालकाने आरशातून माझं कपाळ निरखलं, रेडिओ बंद केला आणि मोठ्या, स्पष्ट आवाजात म्हणाला, "वृद्धाश्रमात ना, आजोबा? घाबरू नका हं. सवय होते."

फर्निचरच्या दुकानात मी टेबल निवडलं. ते सपाट खोक्यात बांधून मिळतं, घरी जाऊन जोडायचं. सासूबाईंच्या खोलीत, खिडकीच्या उजव्या बाजूला, मी खोकं उघडलं आणि चारही पाय जमिनीवर शेजारी शेजारी मांडले. तुरिद बघत होती, सासूबाई बघत होत्या, बिशप बघत होता. मी भिंग घेऊन पोटावर आडवा झालो. पाय अगदी सारखे होते. केसभरही फरक नाही.

मला लगेच संशय आला.