मशीनजवळ माणूसच दिसंना

रामकिसनने सकाळपासून चौथ्यांदा हात धुतले, तेव्हा डॉक्टर फारूख वैतागले. "अरे, कातडी निघंल आता! बस ना जरा."

बसतो कुठला! औरंगपुऱ्यातल्या त्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं तो लोकांच्या गाठींचे पातळ काप काढून, काचेवर चढवून रंगवत आला होता. कधी एक काप बिघडला नाही. पण आज ट्रेमधली आठवी काच त्याच्या बायकोची होती. केसरबाईंच्या मानेला गाठ आली होती. साधी की वाईट, ते आज कळणार होतं. घरी दम निघेना म्हणून त्या सकाळीच त्याच्याबरोबर आल्या होत्या आणि पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसल्या होत्या.

"आण ती काच, मायक्रोस्कोपखाली बघून टाकतो," फारूख सर म्हणाले.

"नको सर, मशीनच बघू द्या."

सरांच्या मोतीबिंदूचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, हे कारण त्याने गिळलं. नवा स्कॅनर कालच बसला होता. तो काचेचा फोटो काढणार आणि सरांची मुलगी, डॉक्टर आमरीन, पुण्यात बसून पडद्यावर वाचणार. घरी आठवडाभर आधीपासून रामकिसनने या मशीनचेच गोडवे गायले होते.

ट्रे आत गेला. अर्ध्या तासाने आमरीनचा फोन आला.

"रामकिसनकाका, हे लाल दाणे कसले? आठही स्लाइडवर आहेत."

"आठवीवर पण?"

"आठवीवर सगळ्यात जास्त."

त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. पण आठ माणसांना एकच रोग कसा होईल? म्हणजे रंगातच खोट! त्याने रंग गाळला, सगळे काप नव्याने रंगवले आणि घाईत खाचांकडे न बघताच काचा ट्रेमध्ये ठेवून तो पुन्हा आत ढकलला.

"काका, आता पिवळेपण आलेत! मशीन त्या दाण्यांवरच नजर धरतंय, खालच्या पेशी सगळ्या धूसर."

कंपनीच्या माणसाला फोन लावला, तर त्याने बंद करून चालू करायला सांगितलं. चालू व्हायला चाळीस मिनिटं लागली आणि दाणे जागचे हलले नाहीत. रामकिसन दारापर्यंत जाई आणि परत फिरे.

"काय म्हणतंय हो मशीन?" केसरबाईंनी विचारलं.

"बघतंय अजून."

"लई येळ बघतंय."

"बास झालं!" सर उठले. आठवी काच त्यांनी ॲप्रनच्या टोकाने खसाखसा पुसली, मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि डोळा लावला. रामकिसन त्यांच्या बोटाकडे बघत राहिला. काही वाईट दिसलं की सरांचं बोट चाकावर थांबतं, एवढं त्याला सव्वीस वर्षांत कळलं होतं. बोट फिरत होतं. मग थांबलं. रामकिसनने भिंत धरली. सरांनी नाक खाजवलं आणि बोट पुन्हा फिरू लागलं.

"साधी गाठ आहे. जा, सांग तिला. अरे, नक्को रडू, वेड्या!"

रामकिसन डोळे पुसतोय तोवर सर ॲप्रनचं टोक न्याहाळू लागले. मग त्यांनी वास घेतला. "रामकिसन, हे तर हळद-कुंकू आहे."

त्याने धावत जाऊन ट्रे ओढला. खाचेत हळद, कुंकू आणि वर चार अक्षता! तो तसाच बाहेर आला. "अगं, साधी गाठ आहे! आणि मशीनमध्ये हे काय करून ठेवलंस?"

केसरबाईंनी आधी डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "तुम्ही चहाला गेलात तवा लावलं. दसऱ्याला तुम्ही नाय का लावत मायक्रोस्कोपला?"

"बाहेरून लावतो!"

"मी जिथं काच जाती तिथंच लावलं. नीट बघावं म्हणून."

मागून सर आले. हातातल्या फोनवर पुणं ऐकतच होतं. "मग आज माझ्या मायक्रोस्कोपला का नाय लावलं, केसरबाई?"

"त्याच्याजवळ तुम्ही असता की, सर. मशीनजवळ माणूसच दिसंना. म्हटलं, निदान देव तरी बसवावा."

फोनवरून आमरीन म्हणाली, "काका, ट्रे नीट पुसा. पण बाहेरच्या झाकणावर एक बोट कुंकू राहू द्या."