बेचाळिसावा भाऊबंद

पंडित भदाणेच्या पटकथेचे शेवटचे आठ प्रसंग श्रावणातल्या त्या रविवारी दुपारी बारापर्यंत लिहून व्हायचे होते, आणि त्याच रविवारी सकाळी सात वाजता त्याच्या धुळ्यातल्या तीन खोल्यांत एकेचाळीस भदाणे दात घासत होते.

गोष्ट एका विहिरीवरून भांडणाऱ्या दोन भावांची होती. मुंबईचे दिग्दर्शक करंबेळकर यांना पहिले साठ प्रसंग इतके आवडले, की त्यांनी पंडितला लगेच पत्र टाकलं, "पुढचं पाठवा." हे एप्रिलमधलं पत्र. तेव्हा कथेतला थोरला भाऊ कुऱ्हाड उगारून विहिरीच्या काठावर उभा होता. तो अजून तसाच उभा होता. त्याचा हात खाली आणायला पंडितला वेळच मिळाला नाही. दिवसभर जिल्हा परिषदेतली कारकुनी, आणि संध्याकाळी सायकल घरी वळली की घरचे. मे महिन्यात चार लग्नं झाली. जूनमध्ये पुतण्याचा कॉलेजात प्रवेश. जुलैत चुलतसासऱ्यांचा मोतीबिंदू. त्यांच्या डोळ्यावरची पट्टी सोडली तेव्हा समोर पंडितच उभा होता. नव्या नजरेने त्याला नीट न्याहाळून सासरे म्हणाले, "काय जावईबापू, तुमचा पिच्चर लागला का?"

गेल्या आठवड्यात करंबेळकरांचं दुसरं पत्र आलं. "इंदूरहून परतताना रविवारी दुपारी धुळ्याला थांबतो. आठ प्रसंग तयार हवेत. नसतील तर पुण्यात एक लेखक आहेत. अविवाहित आहेत."

पंडितला शेवटचं वाक्य फार लागलं. वीस वर्षं एकांकिका लिहून झाल्यावर कुणीतरी पडद्यावर त्याचं नाव घालायला तयार झालं होतं, आणि ते नाव आता पुण्यातला एक ब्रह्मचारी पुसून टाकणार होता.

त्यात रविवार नेमका कानबाईचा. कानबाई म्हणजे भदाण्यांची देवी, आणि यंदा तिला बसवायची पाळी पंडितच्या घरची. त्या दिवशीच्या नैवेद्याला रोट म्हणतात. त्याचा हिशेब सोपा. भाऊबंदांतल्या एकेका माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचा, दळायचा, त्याच्या पोळ्या करायच्या, आणि त्या भाऊबंदांनीच खायच्या. परक्याच्या तोंडात रोटाचा तुकडा जाता कामा नये. हे सगळं पाहायला पंडितची मोठी काकू धुरपदाबाई चुलीजवळ बसलेली होती. तिची नजर चुकवून माशीसुद्धा रोटावर बसत नसे. बसलीच तर ती भदाणेच असणार.

पंडितने बंदोबस्त केला होता. करंबेळकरांचं जेवण शेजारच्या प्रमिलाबाईंकडे सांगितलं होतं. त्या बिचाऱ्यांनी परक्याच्या पोटासाठी बासुंदी आटवली होती. बायकोला, म्हणजे सुनंदाबाईंना, पंडितने बजावलं, "पाहुणे आले की थेट प्रमिलाबाईंकडे पाठव. मी गच्चीवर टाकीच्या सावलीत बसतो. मला हाक मारू नकोस."

"मी नाही मारणार," सुनंदाबाई म्हणाल्या, "पण बाकीच्या चाळिसांचं मी काय करू?"

पंडितने गच्चीवर बसून लिहिलं, 'प्रसंग ६१. विहीर. दुपार.' तेवढ्यात चुलतभाऊ हिलाल वर आला.

"पंडित, पाट कोठे शेत?"

पाट दिले. मग दुसरा चुलतभाऊ छगन आला. "पंडित, तो हिलाल काय म्हणत व्हता? विहिरीनं काही बोलना का?" हिलाल आणि छगन यांची गावाकडे एक सामाईक विहीर होती, आणि दोघांमध्ये अकरा वर्षांचा अबोला होता. पंडितच्या कथेला कल्पनाशक्ती फारशी लागली नव्हती. त्याने छगनची समजूत घालून त्याला खाली धाडलं. मग घरातले सर्वांत म्हातारे जीवरामआबा यांची काठी हरवली. मग ती सापडली, हे सांगायला आबा स्वतः जिना चढून वर आले. बारा वाजले तेव्हा कागदावर विहीर होती, दुपार होती, आणि थोरला भाऊ पाचव्या महिन्यात गेला होता.

साडेबाराला करंबेळकर आले. त्यांची गाडी सोनगीरला बंद पडली होती. तिथून ते कांद्याच्या ट्रकमध्ये बसून धुळ्यात आले, आणि पुढे रिक्षाने. कपडे धुळीने माखलेले, केस उभे राहिलेले, हातात पत्र्याची पेटी. या अवतारात ते मुंबईचे दिग्दर्शक वाटत नव्हते. ते थेट भदाणे वाटत होते.

सुनंदाबाई तेव्हा मागच्या दारी पुरण वाटत होत्या. दारात हिलाल होता. एखाद्या भाऊबंदाला "तू कोण?" असं विचारणं म्हणजे सात पिढ्यांच्या भांडणाला नारळ फोडणं. त्यामुळे हिलालने काही विचारलं नाही. हा शिरपूरकडचा कुणी असणार, असं त्याने मनाशी धरलं. आत छगनला वाटलं, हा सुरतेला मिलमध्ये असलेल्यांपैकी एक. आबांना नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांना तो ओळखीचाच वाटला. कुणी पायावर पाणी घातलं, कुणी कपाळाला कुंकू लावलं, आणि हिलाल आणि छगन यांच्या मधल्या पाटावर करंबेळकरांना बसवलं. तो पाट रिकामाच होता, कारण त्या दोघांच्या मध्ये बसायला घरचं कुणी तयार नव्हतं.

पहाटेपासून उपाशी असलेल्या करंबेळकरांना हा पाहुणचार पाहून गहिवरून आलं. ते नऊ रोट जेवले. खीर दोनदा मागितली. गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीचं त्यांनी इतकं कौतुक केलं, की धुरपदाबाई सुनांना म्हणाली, "देखा, हाऊ कसा पोटभर जेवस! नही तं तुमना नवरा!"

सवादोनला प्रमिलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "अहो सुनंदाबाई, मुंबईचे पाहुणे येणार आहेत की नाही? माझ्या बासुंदीवर आता साय नाही, गोधडी आली."

सुनंदाबाईंनी आत पाहिलं. विडा चघळत असलेल्या त्या धुळकट गृहस्थांकडे त्यांची नजर गेली. मग त्या गच्चीच्या जिन्याशी गेल्या, आणि दिलेला शब्द मोडून त्यांनी हाक मारली. अशी हाक, की पंडित दोन-दोन पायऱ्या सोडत खाली आला.

"अरे, करंबेळकरसाहेब!"

"पंडितराव! काय जेवलोय म्हणून सांगू!"

धुरपदाबाई हातातली परात ठेवून उठली.

"हाऊ भदाणे नही?"

"नाही काकू. हे मुंबईचे साहेब."

"हिलाल, दारमां तू व्हता ना? तू इचारं का नही?"

"माले वाटनं, शिरपूरना शे."

"छगन?"

"माले वाटनं, सुरतना."

"आनि दोन्हीसना मजार बसाडं!" धुरपदाबाईने कपाळाला हात लावला. "एकेचाळीस जणस्ना नावनी मूठ काढी व्हती मी. आते बेचाळीस जेवनात. देवीले काय सांगू?"

करंबेळकरांचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही," पंडित म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे पुण्याचा लेखक हसत उभा होता.

मग सगळे जीवरामआबांकडे पाहू लागले. घरातले अवघड निकाल आबा देत, कारण ते कुणाचंच ऐकत नसत. आबांनी काठी दोनदा आपटली.

"खाधेल रोट पोटमाईन परत काढता येस का?"

"नही, आबा."

"मंग! रोट परका खात नही. यानी खाधात. म्हणजे हाऊ परका नही. याना नावनी सव्वा मूठ आते काढा."

या तर्कात खोट काढणारा माणूस खानदेशात जन्माला यायचा होता. सूप आलं, गहू आला. करंबेळकरांचं पाळण्यातलं नाव माधव आहे हे विचारून घेतलं, आणि माधव भदाणेच्या नावाने सव्वा मूठ निघाली. सुना येऊन त्याच्या पाया पडल्या. पोरं 'माधवकाका' म्हणून गळ्यात पडली.

"छान झालं," करंबेळकर घड्याळ पाहत म्हणाले. "पंडितराव, ते आठ प्रसंग द्या, म्हणजे मी निघतो."

"निघतो?" धुरपदाबाई म्हणाली. "रोट खाधेल माणूस देवी पाण्यामां जात नही तोपर्यंत गावनी शीव वलांडत नही."

हा नियम त्या क्षणापर्यंत कुणी ऐकला नव्हता. पण तिच्या तोंडून निघताच तो तीनशे वर्षांचा जुना झाला. शिवाय सोनगीरच्या मेकॅनिकचा निरोप आला होता, की गाडी मंगळवारी मिळेल. त्याच्याही घरी कानबाई होती.

पंडित पुन्हा गच्चीवर गेला. प्रसंग ६१. विहीर. दुपार. तो हाकेची वाट पाहत बसला. दहा मिनिटं झाली, कुणी आलं नाही. अर्धा तास झाला. एप्रिलपासून पहिल्यांदाच थोरल्या भावाचा हात हलला. पंडितने घाबरून खाली डोकावून पाहिलं, सगळे मेले की काय!

खाली अंगणात बाजेवर करंबेळकर बसले होते, आणि त्यांच्या भोवती बत्तीस-तेहतीस भदाणे.

"माधवभाऊ, तू शिकेल माणूस शे," छगन सांगत होता, "आमनी विहिरीनं तू ऐक."

"तुन्हं पहिलं कसाले?" हिलाल गरजला. "थोरला मी शे. मन्हं पहिलं ऐक."

"दोघांचंही ऐकतो," करंबेळकर म्हणाले. "पण ओरडू नका. नकाशा काढा."

पंडितने पाऊल न वाजवता मान मागे घेतली.

नवा भाऊबंद हा ज्याच्यावर अजून कुणी काही सोपवलेलं नाही असा भाऊबंद असतो. अशी संधी घराण्याला पिढीतून एकदा मिळते. संध्याकाळपर्यंत करंबेळकरांनी विहिरीचा नकाशा तपासला होता, पुतण्याचं इंग्रजी ऐकलं होतं, आबांची काठी दोनदा शोधली होती, आणि प्रमिलाबाईंची समजूत काढायला जाऊन बासुंदीही संपवली होती. सोमवारी सकाळी सगळे पांझरा नदीवर कानबाईला बोळवायला निघाले, तेव्हा डफापुढे सगळ्यात आधी तेच नाचत होते. परत येईपर्यंत 'आहे' हा शब्द विसरून ते 'शे' म्हणू लागले होते.

आणि गच्चीवर पंडित लिहीत होता. कुऱ्हाड खाली आली. भाऊ रडले. विहिरीला पाणी लागलं. सोमवारी दुपारी तीन वाजता त्याने आठव्या प्रसंगाखाली 'समाप्त' लिहिलं, कागदांना टाचणी लावली, आणि तो जिना उतरला.

दारात छगनची जीप सुरू होऊन उभी होती. मागे हिलाल आणि छगन दाटीवाटीने बसले होते. पुढे ड्रायव्हरशेजारी डोक्याला उपरणं गुंडाळलेले करंबेळकर.

"साहेब! झाले आठही प्रसंग!"

"अरे वा! ठेव, ठेव. आल्यावर देखसू."

"आणि ते पुण्याचे लेखक?"

करंबेळकरांना खरंच क्षणभर आठवेना. मग ते दुखावल्यासारखे म्हणाले, "घरचं काम बाहेरच्याला कोण देतं रे? तुझंच नाव लागणार. मी वाचलं काय, न वाचलं काय. आता आम्हाला जाऊ दे. छगनच्या मुलीसाठी शिरपूरला मुलगा पाहायचा शे. आबांनी माझ्यावर सोपवलं शे."

जीप धूळ उडवत गेली.

सुनंदाबाई दारात आल्या. "काय म्हणाले? घेतला का पिक्चर?"

"घेतला. माझंच नाव लागणार."

"मग असं तोंड पाडून का उभे?"

पंडित कोपऱ्यावर वळणाऱ्या जीपकडे पाहत होता. पंधरा वर्षं भदाण्यांच्या घरातलं एकही स्थळ पंडितशिवाय पाहिलं गेलं नव्हतं. ड्रायव्हरशेजारची जागा त्याची होती. मुलाला पगार विचारायचा तो पंडितने. चहा कसा झालाय त्यावरून घराणं ओळखायचं तेही पंडितनेच. दर वेळी तो कुरकुरत गेला होता, पण गेला होता.

"छगनची मुलगी," तो म्हणाला. "माझ्या मांडीवर वाढलेली. तिचं स्थळ पाहायला निघाले, आणि मला नुसतं 'चल' सुद्धा म्हणाले नाहीत?"

"अहो, तुम्ही लिहीत होता ना!"

"लिहीत होतो म्हणून काय झालं? मी काय या घरात परका आहे?"

त्याने पटकथा सुनंदाबाईंच्या हातात कोंबली, त्यांच्याच वहाणा पायात अडकवल्या, आणि सव्वातीनची शिरपूर एसटी गाठायला तो स्टँडच्या दिशेने पळत सुटला.