मोठे आधी

आमच्या घरात एक नियम आहे आणि त्यावर प्रश्न विचारायचा नाही. मोठे आधी. पेपर आधी मोठ्यांना, अंघोळीचं गरम पाणी आधी मोठ्यांना, खिडकीजवळची खुर्ची आधी मोठ्यांना. हा नियम मोडलेला मी एकदाच पाहिला, सहा वर्षांची असताना. दाताच्या डॉक्टरांनी "आधी कोण येतंय?" असं विचारलं आणि बाबांनी मला दोन्ही खांद्यांना धरून आत ढकललं. म्हणाले, "लहान आधी." हा प्रसंग मी विसरायला नको होता. (विसरले. म्हणून तर पुढचं सगळं झालं.)

आमचं दुकान आहे. पुढच्या भागात वह्या-पेनं, मागच्या भागात कार्डं. पत्ते नव्हेत. ज्यांच्यावर वादळं, विजा आणि चिलखत घातलेले गेंडे असतात, ती कार्डं. साठ कार्डांचा आपापला डेक बांधायचा, समोरच्याचे तीन बुरूज पाडायचे, की डाव जिंकला. वर्षातून एकदा मोठी स्पर्धा होते आणि तिथे प्रत्येक दुकानाला एकच जागा मिळते. आमची जागा कोणाची, ते सुट्टीच्या दिवशी काउंटरवर, घरातल्या घरात ठरतं.

ठरतं म्हणजे ती बाबांना मिळते. कारण पहिला टर्न मोठ्यांचा आणि बाबांचा डेक पहिल्याच टर्नला कारभार आटोपणारा. वीज, वीज, गेंडा, हल्ला, तिन्ही बुरूज जमीनदोस्त. मी पाच वर्षं अंतिम सामना खेळले असं म्हणणं चूक आहे. मी पाच वर्षं अंतिम सामन्याला हजर होते.

"बाबा, टॉस करूया ना. सगळीकडे टॉस करतात."

"सगळीकडे समोर बाप बसलेला नसतो," बाबा म्हणायचे. मग गेंडा ठेवायचे.

या वर्षी मात्र मला जायचंच होतं. कार्डं काढणारी कंपनी नवी कार्डं तपासायला माणसं घेते आणि ती मोठी स्पर्धा एकदा तरी खेळलेल्यांनाच अर्ज करता येतो. माझं कॉलेज संपलं होतं. स्पर्धेनंतर चार दिवसांनी अर्जाची मुदत संपत होती. आणि बाबा तिथे कशासाठी जायचे? टोपीसाठी. भाग घेणाऱ्या प्रत्येकाला टोपी देतात. घरात पाच टोप्या आहेत. डोकं एकच. (त्या डोक्यात काय काय चालतं, याचा माझा अंदाज जरा कमी पडला.)

अशात कंपनीचं पत्र आलं. फार डाव पहिल्याच टर्नला संपतात अशा तक्रारी असल्यामुळे यापुढे आधी खेळणाऱ्याला पहिल्या टर्नला नवं कार्ड उचलता येणार नाही आणि हल्लाही करता येणार नाही. खाली लिहिलं होतं, हे पत्र दुकानात दिसेल असं लावावं.

मी ते चार घड्या घालून कंपासपेट्यांच्या खोक्यात ठेवलं. म्हटलं, दोन दिवसांनी लावू. सत्तावीस दिवस झाले.

त्या सत्तावीस दिवसांत मी एक डेक बांधला. नंतर खेळणाऱ्याच्या हातात तो तोफ होता आणि आधी खेळणाऱ्याच्या हातात रद्दी. मला चिंता नव्हती. आमच्या घरात मी कायम दुसरीच. उलट मी इतकी नम्र झाले, पेपर घडी घालून बाबांच्या हातात देऊ लागले, की आईनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

सामन्याच्या दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. कार्डं उडू नयेत म्हणून पंखा बंद. काउंटरच्या एका बाजूला बाबा, त्यांच्या मागे स्टुलावर काका. माल आला की खोकी फोडायचं काम काकांचं. मध्ये आत्या, आमची पंच, आजोबांची निकालाची वही उघडून. तिच्या पहिल्या पानावर आजोबांच्या अक्षरात तो नियम आहे. बाबांनी डेक पिसला. प्लास्टिकची कव्हरं चरचरली. खिशात मी ते पत्र तयार ठेवलं होतं. बाबा हल्ल्याला गेले की काढायचं आणि समोर धरायचं.

बाबांनी सात कार्डं उचलली, पाहिली, उलटी ठेवली आणि घसा साफ केला.

"आज तू आधी."

"कोण, मी?"

"तूच. बावीस वर्षं आम्हीच आधी. पुरे झालं."

"नव्या पिढीला संधी द्यायला हवी, ठिणगे," काका म्हणाले. (ठिणगी म्हणजे मी. या काकांनी मला अजून टीव्हीचा रिमोट दिलेला नाही.)

"मला नको संधी."

"असं कसं? कॉलेजात समानतेवर भाषण केलंस ना तू? बक्षीससुद्धा मिळालं होतं."

"दुसरं मिळालं होतं, बाबा."

"बघ. तिथेही दुसरी. बापाचं काळीज आहे गं, पिळवटतं." आणि डोळे टिपायला बाबांनी खिशातून रुमाल ओढला.

रुमालाबरोबर एका कागदाचा कोपरा वर आला. चार घड्या घातलेला, कंपनीच्या निळ्या शिक्क्याचा. बाबांनी तो अंगठ्यानं आत दाबला. मी काकांकडे पाहिलं. काका छताकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. नव्या मालाच्या प्रत्येक खोक्यात कंपनी पत्राची एक प्रत टाकते, हे मला सुचायला हवं होतं. (संख्याशास्त्रात मी कॉलेजात पहिली आले होते. खोकी मोजायला मात्र विसरले.)

आता गंमत अशी की त्यांना पत्राबद्दल बोलता येईना, कारण त्यांनी ते लपवलं होतं. मलाही बोलता येईना, त्याच कारणानं. काउंटरच्या दोन्ही बाजूंना आम्ही शहाण्या चेहऱ्यानं एकमेकांकडे बघत बसलो.

"आजोबांचा नियम आहे, बाबा. मोडायचा नाही."

"आजोबा काळाबरोबर बदलले असते."

"आजोबांनी तीस वर्षं एकच छत्री वापरली."

"छत्री वेगळी."

"तुम्ही आधी खेळा, बाबा. मला वाईट वाटतं."

"मलाच वाईट वाटतं. तू खेळ."

आत्यानं पेन खाली ठेवलं. "दादा, हे उलटं काय चाललंय? दरवर्षी ही भांडते, तू खेळतोस. आज कोणीतरी खेळा. चार वाजता मला डॉक्टरांकडे जायचंय."

"ऐकलंस?" बाबा म्हणाले. "आत्याला उशीर होतोय. ठेव पहिलं कार्ड."

"ठेव गं," काका म्हणाले. "तुझंच तर म्हणणं होतं हे."

तेच तर वाईट होतं. ते माझंच म्हणणं होतं. दहा वर्षं मी ज्यासाठी दारं आपटली, ते बाबांनी ताटात वाढून समोर ठेवलं होतं. ते घेतलं, तर माझं तत्त्व जिंकत होतं आणि माझा अर्ज जात होता. घरात सहावी टोपी येत होती. माझा हात डेककडे गेला. तत्त्वाची सवय वाईट असते. कार्ड बोटांत आलंसुद्धा. ते मी परत ठेवलं आणि उभी राहिले.

"नाही," मी म्हणाले. "मी आधी खेळणार नाही. मला या घरात शिकवलंय, मोठे आधी आणि त्यावर प्रश्न नाही. मी हा नियम मोडणार नाही आणि तुम्हाला मोडू देणार नाही. पेपर असो, पाणी असो, टर्न असो. मोठे आधी."

काकांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी काकांकडे. आपणच शिकवलेलं वाक्य खोडायचं कसं, हे कोणालाच कळेना.

बाबांनी एक गेंडा ठेवला. नवं कार्ड उचललं नाही. हात मांडीवर घेतले.

"दादा, हल्ला?" आत्यानं विचारलं.

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

मी कार्ड उचललं. चार कार्डं खाली ठेवली. पहिला बुरूज, दुसरा, तिसरा. आवाज फक्त कार्डांचा. आत्यानं वहीत माझं नाव लिहिलं. पाच वर्षं वाट पाहिलेलं ते नाव मी उलट्या बाजूनं वाचलं आणि माझे डोळे भरून आले. मग तिनं त्याखाली, तारीख टाकून, माझं वाक्यही लिहून घेतलं. पेपर असो, पाणी असो, टर्न असो. सगळं. शब्दही गाळला नाही. आणि सह्यांसाठी वही फिरवून मध्ये ठेवली.

मी पेन घ्यायला हात पुढे केला.

बाबांनी ते आधीच उचललं होतं. त्यांनी सावकाश, लांबलचक सही केली. पेन काकांना दिलं. काकांनी ते आत्याला दिलं. आत्या चष्मा शोधू लागली. मी हात तसाच पुढे करून उभी होते.