सील गेला!

आमच्या इमारतीतले गोमादादा रोज सकाळी आपल्या ट्रॅक्टरला ताट वाढतात. बरोबर सात वाजता ते ट्रॅक्टर सुरू करतात, इमारतीला तीन फेऱ्या मारतात, पुन्हा सात नंबरच्या पार्किंगमध्ये आणून उभा करतात आणि मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला एक स्टीलचं जेवणाचं ताट सरकवतात. मग शेजारी उकिडवे बसून दहा मिनिटं ताटात पडणारे तेलाचे थेंब मोजतात. मोजून झाले की माझ्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीकडे बघून ओरडतात, "बाय, आज बारा!"

मी चहा ढवळत म्हणते, "काल अकरा होते."

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत ना, की आजीच्या मागे हेलिकॉप्टर उतरतंय का? ते हे.

डोंबिवलीत, मानपाड्याजवळच्या सोसायटीत ट्रॅक्टर कसा, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. आमची इमारत उभी आहे ती गोमादादांच्या भातशेतावर. बिल्डरने त्यांना जमिनीच्या बदल्यात फ्लॅट दिले तेव्हा त्यांनी करारात एकच अट घालून घेतली : एका चारचाकी वाहनासाठी कायमची जागा. बिल्डरला वाटलं, म्हातारा मोटार घेणार. ताबा मिळाला त्या दिवशी गोमादादा वडिलांच्या वेळचा लाल ट्रॅक्टर घेऊन फाटकातून आत आले. वॉचमनने अडवल्यावर खाली उतरले आणि चाकं मोजून दाखवली. चार भरली.

गोमादादांचं सगळं तत्त्वज्ञान दोन शब्दांत मावतं : "सील गेला!" ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचा दांडा ज्या घरातून बाहेर येतो, तिथे बांगडीएवढं रबराचं एक कडं बसवलेलं असतं. आतलं तेल आत ठेवायचं, एवढंच त्याचं काम. त्याला म्हणतात सील. ते खराब झालं की चाकाच्या आतून तेल ओघळतं, ब्रेकवर जातं आणि ब्रेक धरेनासा होतो. पण गोमादादांच्या मते जगातलं प्रत्येक दुखणं हेच आहे. नळ गळला, सील गेला. पोराचं नाक वाहिलं, सील गेला. टीव्हीवर एक पुढारी भाषण करता करता रडायला लागले, तर गोमादादा सोफ्यावरून म्हणाले, "दोनी बाजूचा गेला." आमचे सेक्रेटरी सावंत सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत. त्यांच्याकडे तर गोमादादा डॉक्टरसारखे बघत बसतात आणि शेवटी मान हलवतात. बदलायलाच हवा, अशी.

या सावंतांवरूनच पुढचं सगळं घडलं.

यंदा सोसायटीच्या गणपतीला नेहमीप्रमाणे गोमादादांच्या ट्रॉलीतून तलावावर नेलं. मिरवणूक पाच तास चालली. एवढा वेळ चालल्यावर ट्रॅक्टर तापला आणि दुसऱ्या दिवशी ताटात मोजण्यासारखे थेंब राहिलेच नाहीत, धारच लागली. ताट भरून तेल नव्या पेव्हर ब्लॉकवर पसरलं. त्याच वेळी सावंत दोन डझन अंडी घेऊन मागच्या जिन्याने घरी निघाले होते. सावंतांना काही झालं नाही. अंड्यांचं मात्र काहीच उरलं नाही.

गोमादादा धावले, सावंतांना हात देऊन उठवलं आणि त्यांच्या शर्टावरून ओघळणारं पिवळं बघून म्हणाले, "साहेब, तुमचा पन..."

"एक शब्द बोलू नका!" सावंत म्हणाले.

रविवारी मीटिंग झाली. ठराव असा की दसऱ्यापर्यंत गळती बंद झाली तर ठीक, नाहीतर ट्रॅक्टर आवाराबाहेर. "मी किती वेळा बोललेलो यांना!" सावंत सांगत होते. "करारात जागा वाहनाला आहे, तेलाच्या विहिरीला नाही." आवाराबाहेर म्हणजे कुठे, हे सगळ्यांना माहीत होतं. गोमादादांकडे दुसरी जागा नाही. रस्त्यापलीकडचा भंगारवाला दोन वर्षांपासून डोळा ठेवून आहे. तो ट्रॅक्टरला रोज येता-जाता नजरेनेच तोलतो.

गोमादादा मीटिंगमध्ये एकच वाक्य बोलले : "दसऱ्यापत्तर सील बदलतंय मी."

आणि त्यांनी बदललं. एकदा नाही, तीनदा. मी गॅलरीतून सगळं पाहिलं आहे, त्यामुळे आता मलाही येईल. मागचा भाग जॅकने उचलायचा, खाली लाकडाचे ठोकळे द्यायचे, तेल काढून घ्यायचं, चाक उतरवायचं, मग आतला दांडा ओढून काढायचा. जुनं सील उचकटायचं. नवं बसवताना त्याची ओठासारखी कड तेलाकडे हवी आणि वर लाकडाचा तुकडा धरून सगळीकडून सारखं ठोकायचं. गोमादादा ठोकताना "हलू, हलू" म्हणतात. हातोडीला सांगतात की सीलला, ते कळत नाही.

पहिलं सील कल्याणहून आणलं. सहा दिवस कोरडे गेले. सातव्या दिवशी, "बाय, चार!" दुसरं ठाण्याहून आणलं. ते निवडायला दुकानात दीड तास लागला. मुलीला स्थळ बघताना माणसं एवढं बघत नाहीत. तेही गळलं. तिसऱ्या वेळी दांडा बारीक पॉलिश पेपरने आरशासारखा घासला, मला त्यात माझा चेहरा दाखवला आणि विचारलं, "बग, कंदी दिसलीस इतकी गोरी?" त्याच आठवड्यात ताटात नऊ थेंब.

दसरा पाच दिवसांवर आला. सावंत पार्किंगमधून जाताना मुद्दाम वाकून बघायला लागले.

मी एकतीस वर्षं ठाण्याच्या कोर्टात भाषांतरकार होते. कागद न वाचता केस लढणारा माणूस दिसला की माझा जीव कासावीस होतो. म्हणून विचारलं, "गोमादादा, ट्रॅक्टरबरोबर एखादं पुस्तक आलं नव्हतं का?"

"हाय ना. देव्हाऱ्यान."

खरोखरच ते देव्हाऱ्यात होतं. खंडोबाच्या टाकाशेजारी, लाल कापडात गुंडाळलेलं. वडिलांनी ट्रॅक्टरबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक कुणाला वाचता येत नाही म्हणून पुजायला ठेवलं होतं. दरवर्षी हळदकुंकू वाहून पानं एकमेकांना चिकटली होती. मी सुरीने ती हलकेच सोडवली, चष्मा पुसला आणि पार्किंगमध्ये खुर्ची टाकून वाचायला बसले. गोमादादा समोर हात जोडून उभे. सत्यनारायणाची कथा असावी तसे.

"मागील ॲक्सलच्या सीलमधून," मी कोर्टाच्या सवयीने सुरू केलं, "तेलगळती होत असल्याचे निदर्शनास आल्यास, सदरहू सील बदलण्यापूर्वी, मागील पेटीवरील हवेची टोपी तपासावी. सदर टोपीची छिद्रे बुजलेली असल्यास आतील तापलेल्या हवेस वाट मिळत नाही व ती तेलास सीलमधून बाहेर ढकलते. अशा स्थितीत सील कितीही वेळा बदलले तरी..."

मी थांबले. सीटच्या मागे, त्या लोखंडी पेटीच्या माथ्यावर, लिंबाएवढी एक टोपी होती. तिच्यावर लाल-पिवळा जाड थर होता आणि तो चकचकत होता.

"गोमादादा, हे काय आहे?"

ते ट्रॅक्टरकडे बघत नव्हते.

"हौसाचा कुंकू."

हौसावहिनी त्यांच्या पत्नी. दोन वर्षांपूर्वी गेल्या. दर दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा त्या करायच्या आणि कुंकू पुढे बोनेटवर न लावता मागच्या या टोपीवर लावायच्या. शेतावर जाताना त्या मडगार्डवर बसत आणि टोपीला हात लावून बघत, गरम लागली की म्हणत, "थांबा वो, याला ताप आलाय." तेव्हापासून ते ट्रॅक्टरचं कपाळ ठरलं. शेवटच्या दसऱ्याला त्या आजारी होत्या. कुंकवाच्या हाताने टोपीच धरून उभ्या राहिल्या, कुंकू फारच जास्त लागलं, टोपीभर पसरलं. पाच बोटं उमटली. त्या गेल्यावर पावसाने ते जाऊ नये म्हणून गोमादादांनी वरून वार्निशचे तीन हात दिले होते. छिद्रं त्यातच बुजली. गळती सुरू झाली ती तेव्हापासून.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"चाळीस वर्सं चालवतंय बाय मी ट्रॅक्टर. मना म्हाईत नाय व्हय?" ते म्हणाले. "टोपी धुतली तर बोटं जातान. नाय धुतली तर ट्रॅक्टर जातंय. म्हनून सील बदलीत होतो. बोललो, एखादा सील तरी आयकल आपला."

त्यांनी खांद्यावरच्या फडक्याने डोळे पुसले. फडकं तेलाचं होतं, त्यामुळे चेहऱ्यावर काळा पट्टा उमटला. "सील गेला" म्हणायची एवढी चांगली संधी मला आयुष्यात पुन्हा मिळणार नाही. पण मी म्हटलं नाही.

मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "ही टोपी आट्यांची आहे ना? मग धुवायची कशाला? काढून ठेवा आणि दुसरी लावा."

गोमादादांनी टोपी चाचपून बघितली. हा माणूस मोडल्याशिवाय वस्तू बदलत नाही. "पन टोपी मोडली नाय," ते म्हणाले, "मंग नवी कनाला?"

"तिला आता बसू दे घरी," मी म्हटलं. "खूप काम केलं तिने."

त्यांनी फडकं पुन्हा खांद्यावर टाकलं. मग टोपी हाताने अलगद फिरवायला लागले. शेवटचा आटा सुटला तेव्हा आतून "फुस्स" करून एवढी हवा बाहेर आली की आम्ही दोघंही मागे सरलो. दोन वर्षांचा कोंडलेला श्वास सुटावा तशी. जुनी टोपी त्यांनी पुस्तकाच्या लाल कापडात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवली. पुस्तक माझ्याकडे दिलं, म्हणाले, वाचणाऱ्याकडे असू दे. नवी टोपी कल्याणच्या त्याच दुकानात मिळाली. ती निवडायला मात्र एक मिनिट लागलं. एकच होती.

दसऱ्याला सकाळी सावंत स्वतः हजर होते. ट्रॅक्टरच्या तीन फेऱ्या झाल्या, ताट सरकवलं, दहा मिनिटं गेली. सावंतांनी वाकून ताटात बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. बोट स्वच्छ होतं. ते घरी गेले आणि झेंडूची माळ घेऊन परत आले. ट्रॅक्टरच्या बोनेटवर ती त्यांनीच घातली. जरा वाकडी.

मी गॅलरीत होते. गोमादादांनी वर बघितलं. आज आकडा नव्हता, त्यामुळे काय ओरडावं ते त्यांना कळेना. मग ते ताट उचलून घरात गेले आणि दहा मिनिटांनी माझ्या दारात उभे राहिले. हातात तेच ताट होतं, घासूनपुसून लख्ख केलेलं, त्यात हळदकुंकवाच्या वाट्या. तेल गेल्यावर ताटाच्या कडेला कोरलेलं नाव मला पहिल्यांदाच वाचता आलं : सौ. हौसाबाई.

"बाय, पूजेला चल. यंदा तू लाव."

तुमचे आजोबा गेल्यापासून मला कुणी कुंकू लावायला बोलावलं नव्हतं. "अहो, मी कशी लावू?" मी म्हटलं. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना कनाला इचारतंस? ट्रॅक्टरला इचार," असं म्हणून ते जिना उतरायलाही लागले.

मी खाली गेले. नवी टोपी नुकत्याच मारलेल्या फेऱ्यांनी कोमट होती. मी बोट कुंकवात बुडवलं, आणि मागून गोमादादा हळूच म्हणाले,

"भोकं सोरून लाव हां."