रीतसर सोडून देणे

प्राण्यांवर प्रेम करणे हे नागरिकांचे कर्तव्य असल्याने ते नागरिकांच्या मर्जीवर ठेवून चालत नाही. म्हणूनच आमच्या नगरपालिकेने ठराव केला: विक्रीसाठी पैदास केलेली कुत्री-मांजरे दुकानात विकू नयेत, कुणीतरी सोडून दिलेलीच विकावीत. हेतू उदात्त होता (हेतूला अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही).

मी प्राणिविक्री निरीक्षक. बाजारातल्या एकुलत्या एका दुकानात गेलो, तेव्हा माशांच्या टाकीशेजारी एकच पिल्लू उरले होते. तपकिरी, गोलमटोल, नाव बटाट्या. जन्म दुकानातलाच, म्हणजे बेकायदेशीर.

"साहेब, याला कुणी सोडलेलंच नाही हो," दुकानदार रडकुंडीला येऊन म्हणाला. "मी विकू तरी कसा?"

"मग तुम्हीच सोडा," मी म्हणालो. "रीतसर सोडलंत की विकता येईल. नाहीतर महिनाअखेर दुकानाला सील."

रीत अगदी सोपी आहे. प्राण्याने पूर्ण दिवस मालकापासून लांब राहावे आणि सोडताना मालकाने मागे वळून पाहू नये.

दुकानदाराने बटाट्याला पुलापलीकडे सोडले. हा घरी पोचतो तो बटाट्या दारात शेपूट हलवत बसलेला (अर्ज नामंजूर). मग बागेत सोडले, तर दोघे मिळूनच परत आले. तिसऱ्या खेपेला मी जातीने हजर राहिलो. दुकानदार चार पावले चालला आणि डोळे पुसू लागला. रडायला नियमात मनाई नाही. पण त्याने वळून पाहिले.

"याला सोडून गेलो तर बायको मला घरात घ्यायची नाही, साहेब."

असल्या माणसाने प्राण्यांचा धंदा करू नये, असे माझे स्पष्ट मत झाले. दुकानाला सील लागले. आता तो त्याच पायरीवर छत्र्या दुरुस्त करतो आणि बटाट्या गिऱ्हाइकांवर नजर ठेवतो. वाईट वाटते, पण ते कार्यालयीन वेळेनंतर.

सभेत प्रश्न आला: सोडणे खरेच इतके कठीण आहे का? खात्री करायला मी पालिकेच्या निवारा केंद्रात गेलो. तिथे पाय ठेवायला जागा नव्हती (हे प्राणी दुकानाला देता येत नाहीत, पालिका सांभाळते म्हटल्यावर ते सोडून दिलेले उरत नाहीत). सगळे चांगल्या, सुशिक्षित घरांतले. कुणाकडे बाळ झाले, कुणाचा सोफा नवा आला, कुणाच्या मुलाचा वाढदिवस होऊन गेला. एका मांजरीचा रंग पडद्यांना जुळेना. एकाही घराने वळून पाहिल्याची नोंद नाही. काम इतके सफाईदार, की ऊर भरून आला.

तेव्हा दुकानदारांच्या प्रशिक्षणासाठी अशा अनुभवी नागरिकांना मानधनावर बोलवायचे ठरले आहे. निमंत्रण मी स्वतः घेऊन येईन. तुम्ही पत्ता कळवायची तसदी घेऊ नका. माझ्या हातात दोरी असेल, आणि पुढे जो चालत असेल त्याला तुमचे घर अजून पाठ आहे.