पासष्ट मीटर तार

कोणाशीही ओळख झाली की परबकाका आधी विचारत, "तुमची गच्ची किती लांब?" नाव, गाव, नोकरी सगळं नंतर. काका मरोळच्या एका कारखान्यात फिटर. कांदिवलीला आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहत. खिशात कायम मोजायची टेप, आणि नजर कुठेतरी लांब लागलेली.

त्यांना रेडिओवर रत्नागिरी केंद्र ऐकायचं होतं. आमच्याकडे ते लावलं की नुसती खरखर. म्हणून काकांनी घरीच एरियल करायचं ठरवलं आणि कॅलेंडरच्या पाठीवर गणित मांडलं. रत्नागिरीची लहर दोनशे साठ मीटर लांब, तिचा पाव हिस्सा पासष्ट, म्हणजे तार पासष्ट मीटर. आमची गच्ची भरली बावीस. तेवढीच लावा की, मी म्हटलं. काका दुखावले.

"लहर काय शिंप्याकडची पँट आसा, आखूड करूक?"

मग तार तीन बिल्डिंगांवरून न्यायचं ठरलं. मधल्या बिल्डिंगमधल्या बाईंना विजेची भीती, तिसरीतल्या बाईंना गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांची काळजी. काकांनी एकीचा मिक्सर दुरुस्त केला, दुसरीला तार पापडांच्या वर हातभर राहील असं लिहून दिलं. टेपचं दुसरं टोक धरायला मी असायचे. मोजता मोजता ते मधेच थांबत, आकाशाकडे बघत. एवढी लांब लहर अंगावरून जाते आणि आपल्याला पत्ता लागत नाही, असं म्हणत आणि आकडा विसरत. पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

दोन महिन्यांनी, एका गुरुवारी संध्याकाळी तार जोडली. खरखर निवळली आणि बायकांचं भजन ऐकू आलं. गाणाऱ्या बाईंचा आवाज जरा घोगरा होता. काका रेडिओला कान लावून बसले. भजन संपलं तरी हलेनात.

"माझी आक्का. दर गुरवारी गाता थंय," ते म्हणाले. "आयेच्या बाराव्याक मी वेळेर पोचलंय नाय. अकरा वर्षां झाली, बोलणा नाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक पोस्टकार्ड टाकायला दिलं. पोस्टकार्डच ते, वाचलं मी. एकच ओळ होती: 'आक्का, तुझो आवाज बसलो हा, सुंठ घे.'

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. ते काकांनी आपणहून दाखवलं.

'घेतलंय. तू कधी येतलस?'